दुसरी सही

सोमवार, ३ मार्च

दुर्बीणबाईंच्या शेजारचं टेबल मला मिळालं! परदेशी औषध कंपनीच्या माहितीपत्रकात पूर्णविराम हलला तरी त्यांना दिसतो, म्हणून पाठीमागे हे नाव. आमच्याकडे पत्रक छपाईसाठी मांडून झालं की एकाने तपासून सही करायची, मग दुसऱ्याने. पहिली सही बाईंची, दुसरी माझी.

बुधवार, ५ मार्च

अकरा पत्रकं गेली.

गुरुवार, ६ मार्च

दुपारी सहज कालचं एक पत्रक उघडलं. लहान मुलांच्या डोसाचा तक्ता — एक ओळ सरकलेली. दोन वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाचा डोस! खाली बाईंची सही. आणि माझी. मी ते उघडलंच नव्हतं. बाईंनी पाहिलंय म्हणजे झालंच, असं धरलं.

उद्या कंपनीकडे छपाई. महिनाअखेर त्यांच्याशी आमचा करार संपतोय.

दहाव्या वर्षापर्यंत मी घरीच शिकले, आत्याच माझी शाळा. ती म्हणायची, "चुकलीस ते दिसतंय गं मला. कशी चुकलीस ते सांग."

बाईंना सगळं सांगितलं. न पाहता सही केली, हेही.

"म्हणजे माझी चूक तुझ्या दारी आली, आणि तू तिला चहा पाजून पुढे पाठवलीस!" हसल्या, पण कान लाल झाले होते.

साहेब म्हणाले, "गुपचूप दुरुस्त प्रत पाठवा. आत्ता कशाला पायावर धोंडा?"

बाई म्हणाल्या, "साहेब, त्यांनी आपल्याला कधी पाहिलेलं नाही. आपला शब्द तेवढा ओळखतात. तोच खोटा पाडू?"

आणि लावलाच फोन! "चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. मग मी पुढे वाकून म्हटलं, "दुसरी तपासणी झालीच नव्हती." पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "कळवल्याबद्दल आभार." फोन बंद.

शुक्रवार, ७ मार्च

उत्तर नाही. साहेब चिडलेत. बाईंनी मात्र सकाळीच मागच्या महिन्याची सगळी पत्रकं काढली. त्या मोठ्याने वाचतात, मी मूळ प्रतीवर बोट ठेवते. वीस वर्षं काम केलेली बाई, आणि मला विचारते, "थांबू का गं? नीट पाहिलंस ना?" मला असं कधी होता येईल?

सोमवार, १० मार्च

उत्तर आलं. करार पुढे चालू!

चूक त्यांना बुधवारीच सापडली होती. तीन वर्षं आमचं प्रत्येक पत्रक तिकडे एक माणूस पुन्हा तपासत होता — आम्हाला न सांगता. ते फक्त आमच्या फोनची वाट पाहत होते. त्या माणसाला आजपासून दुसरं काम दिलंय.

म्हणजे माझ्या सहीनंतर आता कोणीच नाही.