डाव्या हाताचा तक्ता

३ मे

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या क्रीमची ट्यूब आणि चौदा चौकोनांचा तक्ता मिळाला. तो भरून सोबत पाठवते आहे. सकाळ-संध्याकाळ डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढं क्रीम, सात दिवस. चौदाही चौकोनांत "काही नाही". आता तरी वेळेवर जेव. मागच्या दोन्ही खेपांना माझ्याच हातावर पुरळ उठलं आणि तुझी मेहनत पाण्यात गेली, ते अजून मनाला लागून आहे.

इथे ऊन मी म्हणतंय. परवा पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बाजारात गेले, तर शेजारणीने विचारलं, थंडी वाजतेय का. तिला नसत्या चौकशा. काकांच्या गुडघ्याची आणि तोंडाची, दोन्ही कुरकुर चालू आहे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी

८ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तक्ता मिळाला. खरं तर नाचायला हवं होतं, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही. आज प्रयोगशाळेत दोनदा चुकीची बाटली उचलली. तू साध्या साबणाने लाल होणारी बाई, आणि चौदा वेळा "काही नाही"? तेही एका दमात लिहिल्यासारखं? वर या उन्हात पूर्ण बाह्या! फोनवर विचारलं तर काकांचा गुडघा पुढे करशील, म्हणून लिहिते आहे.

बाकी अकराजणींचे तक्ते ठीक आहेत, पण तुझ्याइतकी नाजूक त्वचा त्यांच्यात कुणाचीच नाही. अठरा तारखेला "संवेदनशील त्वचेसाठी" हे लेबल छपाईला जाईल. त्याआधी माझी सही लागते. तुझ्यासारखीच कुणी बाई ते वाचून विश्वासाने तोंडाला लावेल. मावशी, खरं काय ते लिही. रागावलेली, तरी तुझीच

चिंगी

१२ मे

चि. चिंगीस आशीर्वाद.

पकडलंस. तिसऱ्या दिवशी खाज सुटली, चौथ्या दिवशी लाल चट्टा उठला. मी क्रीम थांबवलं आणि शेवटी सगळा तक्ता एका बैठकीत भरून टाकला. काका म्हणाले, पोरीला फसवू नकोस, तर त्यांनाच गप्प बसवलं. माझ्या एकटीच्या कातडीपायी तुझं काम किती वेळा अडायचं? त्या दुसऱ्या बाईचा विचार डोक्यातच आला नाही गं. आता तिच्यापायी अन्न गोड लागत नाही. खरा तक्ता जोडला आहे. सही केली नसशील ना? लगेच कळव. चुकले, पण माया तोडू नकोस.

मावशी

२० जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सही केली नाही, हे फोनवर सांगितलंच होतं. पुढचं सांगायला धीर होत नव्हता. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं आणि नियम केला, चाचणीत नात्यातलं कुणी नको. तुझा बारा नंबर काढून टाकला. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं.

सुगंध काढून क्रीम पुन्हा केलं. नवी बारा नंबरची बाई तुझ्याहून नाजूक आहे. पहिल्या चौकोनात तिने "किंचित खाज, दहा मिनिटं" लिहिलं, पुढे तेरा वेळा "काही नाही". प्रत्येक वेळी शाई वेगळी! काल मी सही केली.

सोबत एक ट्यूब आहे. तिच्यावर नंबर नाही आणि तक्ताही जोडलेला नाही. जळजळलं तर सरळ मला शिव्या घाल. बाह्या दुमडून बसलेली मावशी बघायला लवकरच येते.

तुझी चिंगी