शिंप्याचे पडदे

३ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझ्या वृक्ष-कचेरीचा मोजणीदार काल भर दुपारी एक वाजता आमच्या गल्लीत अवतरला. ज्या गल्ल्यांत सावली कमी, तिथे झाडं लावणार. त्यासाठी गल्ली चालायची आणि किती पावलं सावलीत पडतात ते लिहायचं, असं त्याचं शास्त्र. बिचारा भाजून निघेल म्हणून आम्ही आदल्या दिवशीच सभा भरवली. समोरच्या शिंप्याने नाट्यगृहासाठी शिवलेले पडदे या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत ताणले. पाहुणा सरबत पिऊन तृप्त मनाने गेला.

तुझ्या वहिनीने तर झाडांच्या जागाही ठरवल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला रोज बसथांब्यापर्यंत चालायला सांगितलंय, पण उन्हापायी ती पोस्टाच्या पेटीपाशीच माघार घेते.

लोभ आहेच, तो झाडांबरोबर वाढावा.
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यादी लागली. तुमची गल्ली तीत नाही. एकशे चाळीस पावलांपैकी एकशे अकरा सावलीत, अशी नोंद आहे. मोजणीदार सरळ माणूस, दिसलं ते लिहिलं. दादा, सावली मोजायला आलेल्याच्या डोक्यावर सावली धरायची, हे एवढी विद्या घेतलेल्या माणसालाच सुचतं.

मी वशिला लावणार नाही. फेरमोजणीचा अर्ज वीस तारखेपर्यंत आला पाहिजे, सगळ्या घरांच्या सह्यांसकट, आणि कारण खरं लिही. वहिनीला इतक्यात सांगू नकोस म्हणणार होते, पण पाकीट तीच फोडते. तेव्हा वहिनी, नमस्कार. त्याला कामाला लावा.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
ठकी

१९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

आमचा अतिथिधर्म आम्हाला भोवला, मान्य. अर्ज मी लिहिला, 'प्रखर मार्तंडाच्या' पासून. शिंप्याने पहिली ओळ ऐकून विचारलं की लग्न कुणाचं आहे, आणि सही करायचं नाकारलं. मग तुझ्या वहिनीने तीन ओळींत लिहिलं की पडदे आमचे होते, सावली आमची नव्हती, पुन्हा मोजा. तासाभरात बावीस घरांच्या सह्या झाल्या. शिंप्याने तर खाली 'पडदे मीच बांधले' असंही लिहिलं. त्यात पश्चात्ताप कमी, अभिमान जास्त.

अर्ज मी स्वतः खिडकीवर देऊन आलो. आता तुझ्या कचेरीची कृपा, आणि तुझा लोभ.
दादा

२६ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

फेरमोजणीत चार पावलं निघाली, तीही विजेच्या खांबाच्या कृपेने. या खेपेला मोजणीदाराला पाणीसुद्धा मोजणी झाल्यावरच दिलं. तो घामाघूम आणि आम्ही त्याच्याकडे बघत आनंदी, असा निर्दय प्रसंग होता.

परवा अकरा रोपं लागली. सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर, मी मार्गदर्शनापुरता. शिंप्याने रोप आपल्या टेपने मोजलं आणि मान अडीच इंच असल्याचं जाहीर केलं. कोवळ्या रोपांना पहिले दोन महिने उन्हापासून आडोसा द्या, असं तुझ्या माळ्याने बजावलं. त्यामुळे तेच पडदे पुन्हा ताणले आहेत. मोजणीदाराला सांगून ठेव, या वेळची सावली झाडांनाच आहे.

पाणी घालायचं काम तुझ्या वहिनीने ओढून घेतलं. एका रोपाकडून पुढच्याकडे, झारी घेऊन. अकरावं रोप बसथांब्याशी आहे. आज ती त्यालाही पाणी घालून आली, आणि वर मलाच विचारलं की बारावं का नाही लावलं.

तुझा लोभ आता अकरा रोपांत वाटून घेऊ.
दादा