उद्या आम्ही परत जाऊ

१२ ऑक्टोबर

दुपारी किलव्हॅरन किल्ल्यावर पोहोचलो. आयर्लंडचा पश्चिम किनारा, खाली करडा समुद्र. भिलाईच्या धुराला सरावलेली छाती आज प्रथमच मोकळी झाली. नेहरू नगरच्या शिकवणी वर्गातील चार विद्यार्थ्यांची ही सहल असून माझी नात प्रांजली त्यांपैकी एक आहे. प्रत्येक गटासोबत एक वडीलधारी व्यक्ती असावी, अशी येथील विश्वस्तांची अट आहे. प्रांजलीने स्वतःहून माझे नाव दिले. निवृत्त भाषाशिक्षकाला हल्ली एवढा मान कोण देतो?

व्यवस्थापक बाईंनी भोजनगृहातील खिडकीजवळची दगडी खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवली आहे. भिंतीलगत तशाच खुर्च्यांवर निरनिराळ्या देशांतील वृद्ध पाहुणे बसले होते. मी नमस्कार केला; उत्तर मिळाले नाही. भाषेची अडचण असावी.

१३ ऑक्टोबर

मुले बुरूज पाहून आली. जेवताना त्यांच्यातला रोशन म्हणाला, "सकाळी बटाटा उकडून राहिले, दुपारी बटाटा भाजून राहिले, रात्री बटाट्याचीच आमटी करून राहिले." मी 'उकडत आहेत' असे सुधारून दिले. सगळे हसले, प्रांजली हसली नाही. तिने माझ्या गुडघ्यांवर शाल घातली.

पाय गार पडले आहेत. वृद्ध पाहुणे जेवायलाही उठले नाहीत. माझ्या शेजारच्या बाईंची बोटे खुर्चीच्या हातापासून वेगळी ओळखता येत नाहीत.

१४ ऑक्टोबर

आज प्रांजली म्हणाली, "उद्या आम्ही परत जाऊ." भिलाईत वाढलेल्या मुलांची ही नेहमीची चूक; हिंदीतील एका 'हम'मुळे त्यांना 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद उमगत नाही. ऐकणाराही सोबत येणार असेल तर 'आपण' म्हणावे, असे मी तिला सांगितले.

ती खाली पाहत म्हणाली, "मले मालूम आहे, आजोबा. तुम्हीच तं शिकवलं."

'मले' सुधारायचे राहून गेले. उठू लागलो. उठता येईना.

१५ ऑक्टोबर, सकाळ

रोशन एकटाच आला. रडत रडत त्याने सगळे सांगितले. किल्ल्याला प्रत्येक गटाने एक म्हातारा माणूस द्यायचा. त्या बदल्यात विश्वस्त मुलांना पुढच्या वर्षी येथील महाविद्यालयात प्रवेश देतात. हे चौघांनाही निघण्यापूर्वीच ठाऊक होते. कोणाला आणायचे, यावर नेहरू नगरात चहा पीत चर्चा झाली. इतर तिघांनी आपापल्या घरच्यांसाठी नकार दिला. प्रांजलीने दिला नाही.

दुपार

ती निरोप घ्यायला आली. घरी काय सांगशील, असे विचारले. ती वाकून पाया पडली. तिचा हात लागल्याचे मला कळले नाही.

आशीर्वाद दिला. सवयीने— तोंडातून निघून गेला—

बस गेली.

१६ ऑक्टोबर

कंबरेपर्यंत दगड. शेजारच्या बाईंचे डोळे हलतात. फक्त डोळे. त्या माझ्याकडे पाहतात आणि मग— खिडकीकडे—

१७

खिडकीखाली बस. ती परत आली. माझी नात आहे ती, शेवटी माझीच— येणारच होती—

नाही. दुसरीच मुले. मधोमध एक आजी, नवे स्वेटर, हसत आहेत. एका मुलीने त्यांचा हात धरला आहे. व्यवस्थापक बाई त्यांना खुर्ची दाखवीत आहेत. माझ्या समोरची.

आजी माझ्याकडे पाहून हात जोडतात. त्यांना सांगायला हवे, बसू नका, त्या मुलीचा हात सोडा आणि— ओठ— हात अजून लिहितो, कागद त्यांच्याकडे वळवला तर— बसू न