कोल्ह्याला घातलेली साद

इचिकावा,
१४ जानेवारी १९९६

प्रिय पूर्वी,

सुरुवातच फुशारकीने करते, चालवून घे. मी कोल्ह्याला साद घातली आणि तो आला!

नव्या वर्षाच्या सुट्टीत मी आणि रेन होक्काइदोला, त्याच्या वडिलांच्या फार्मवर गेलो होतो. एका कोल्ह्याने त्यांच्या कोंबड्यांचा फडशा पाडायला घेतला होता. ओतोसान, म्हणजे सासरे, जुने परवानाधारक शिकारी. हाताच्या पाठीवर ओठ दाबून हवा आत ओढली, की जखमी उंदरासारखं चिरचिरतं. त्याला कोल्हा भुलतो. पण यंदा त्यांनी नवी कवळी बसवली आणि आवाज निघेचना. नुसती फुसफुस! रेनला तर ते कधीच जमलं नाही. मी गंमत म्हणून हाताला ओठ लावले, तर ओतोसान दचकून टेबलाखाली उंदीर शोधायला लागले.

ऑपरेशनपासून माझा घसा कसा झालाय, तुला माहीत आहे. फोनवर लोक मला रेन समजतात. पण हा आवाज ओठांचा, त्यात घशाचं कामच नाही.

अंधार पडल्यावर तिथे गोळी झाडायला कायद्याने बंदी आहे. म्हणून पहिल्या संध्याकाळी आम्ही बंदूक घरी ठेवून, कोल्हा कुठून येतो ते बघायला फक्त टॉर्च घेऊन गेलो. मी साद घातली मात्र, ओढ्याकडून दोन हिरवट डोळे सरळ माझ्याकडे धावत आले!

दिवसा तो इतका भोळा नसतो. दुसऱ्या सकाळी आम्ही बर्फात पालथे पडलो. मी बोलावत राहिले. ओठ सुजले, बोटं बधिर झाली. तो आला, पण आमचा वास घ्यायला वाऱ्याच्या अंगाने लांबून वळसा घालत. “आता अगदी हळू,” ओतोसान कुजबुजले. मी आवाज इतका बारीक केला, की मलाच ऐकू येईना. तो थबकला, कान टवकारून वळला. एकच गोळी. जागीच पडला.

ओतोसाननी आधी त्याच्यापुढे हात जोडले. मग मला कमरेत वाकून नमस्कार केला आणि लहान मुलासारखे ओरडले, “तू बोलावलंस त्याला! तू!” दिवसभर ते घरोघरी सुनेचा पराक्रम सांगत फिरले. आणि मी हसले, पूर्वी, भसाड्या आवाजात, पोट दुखेपर्यंत.

काल तुझ्या वनिताताईचा फोन आला. तुझ्याही गळ्यातली गाठ कर्करोगाची निघाली आणि आवाज जाईल म्हणून तू ऑपरेशन टाळते आहेस. “मधुरिमाचं काय झालं बघितलं ना?” असं तू तिला म्हणालीस म्हणे. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून माझं काय झालं ते लिहून कळवते आहे. तुझा आवाज राहील किंवा जाईल. आपण दोघी गायचो ते माझं गाणं गेलं, त्याचं दुःख आहेच. खोटं कशाला सांगू? पण मी जिवंत आहे आणि मला मजा येते आहे. हे पत्र पोचेल त्याच आठवड्यात मी पुण्यात असेन. आपण दोघी हॉस्पिटलात जाऊ. तू शुद्धीवर येशील तेव्हा समोर मी बसलेली असेन.

तुझीच,
मधुरिमा