पेणच्या फेऱ्या

दादा,

आबांना डायलिसिसला पेणला न्यायच्या फेऱ्यांत डिझेल कमी लागावं म्हणून तू गाडीच्या इंजिनाचं कॉम्प्युटरवरचं सेटिंग बदलून, रीमॅप करून आणलंस, आणि गाडी उलट जास्त पिते म्हणून मी तुला नाय नाय ते बोललो. चुकलं माझं. ताकद वाढली म्हणून मीच जोरात दामटत होतो. सावकाश नेली तर लिटरला सोळाच्या जागी एकोणीस देते.

काल पेणहून येताना आबा म्हणाले, "पुरे आता. मला परत नेऊ नका." मी पाया पडलो, डॉक्टरांनी फोनवर समजावलं. ऐकत नायत.

ताईला आणायला निडीला जातोय. धाटावच्या कामावरून आलास की आबांशी वाद घालू नको. नुसता जवळ बस.

ऋत्विक