दुकानासमोरची जागा

३ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. चष्मेवाल्याने वाचायचा तरी कंटाळा करू नये.

पुलापासून शाळेपर्यंतचा सायकल ट्रॅक मंजूर झाला. आमच्या सायकल गटाची चार वर्षांची वणवण फळाला आली. फक्त तुमच्या दुकानांच्या रांगेसमोर चाळीस पावलं तो तोडलाय, कारण तिथे गिऱ्हाइकांच्या गाड्या लागतात अशी तुमची हरकत. अर्जावर पहिली सही तुमची बघून मला रडूच आलं. काकू तिथेच बसपुढे सायकलवरून पडली होती ना? तिचं मनगट मोडलं, तुम्ही तिच्या चष्म्याचा नंबर वाढवलात आणि सायकल जिन्याखाली टाकलीत. अहो, ती चाळीस पावलं जोडली नाहीत तर बाकीचा ट्रॅक असून नसल्यासारखा!

सुनावणी २८ तारखेला आहे. सही मागे घ्या. नाही घेतलीत तरी आम्ही जिंकूच, पण मला तुमच्याविरुद्ध जिंकायचं नाहीये.

काकूला नमस्कार. रागवा हवं तर, पण लोभ आटवू नका.

तुमची,
ठिणगी


८ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? पत्रात निदान मध्येच तोंड घालता येत नाही.

सायकलशी माझं वैर नाही. पण पोट दुकानावर आहे, बाई. दहातली आठ गिऱ्हाइकं गाडीने येतात. गाडी लावायला जागा मिळाली नाही तर ती पुढच्या चौकातल्या चकचकीत दुकानात जातील आणि मी माशा मारत बसेन. हवेत बोलत नाही. उद्यापासून प्रत्येकाच्या नंबरच्या कार्डावर तो कसा आला तेही लिहितो. सुनावणीत आकडे मीच वाचणार, जे येतील ते. मग बघू कोणाची डाळ शिजते!

तुझं पत्र काकूने दोनदा वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. वेळेवर जेवत जा.

तुझा,
काका


१२ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पैज मंजूर! पत्त्यात हरताना तुम्ही कधी पान लपवलं नाहीत, तेव्हा आकड्यांची मला काळजी नाही. आमच्या मोजणीची एक रीत मात्र पाळा. दुकानासमोर कुठली गाडी उभी आहे, ते तासातासाला लिहायचं. काउंटरवरच्या बाईंना सांगा, त्यांचं अक्षर तुमच्यापेक्षा वाचण्याजोगं आहे.

हरल्यावर माझ्यावरची माया होती तेवढीच ठेवा, म्हणजे झालं.

तुमची,
ठिणगी


२९ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

काल सुनावणीत तू ऐकलंसच. एकशे बारा गिऱ्हाइकं, त्यांतली गाडीने आलेली चौदा. बाकीची पायी, बसने, सायकलने. सगळं वाचलं, आणि सहीही तिथेच मागे घेतली. ट्रॅक सलग होणार हे ऐकून तू केवढ्याने ओरडलीस! अधिकारी दचकले.

आता जे तिथे सांगितलं नाही ते. बाईंच्या वहीत रोज, दर तासाला, एकच नोंद होती. निळी गाडी. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. कोण हा निर्लज्ज, माझ्या दुकानासमोर दिवसभर ठाण मांडून बसतो, म्हणून मी ओरडलो. बाईंनी खुंटीवरच्या माझ्या किल्ल्या काढून माझ्याच पुढ्यात ठेवल्या. गिऱ्हाइकांची जागा म्हणून मी भांडत होतो, आणि नऊ ते आठ ती मीच अडवून बसलो होतो.

काल घरी येऊन काकूला विचारलं, जे ती पडली त्याच दिवशी विचारायला हवं होतं. वाचनालयातून येताना ती सायकलवर कडेने चालली होती, मग अशी एकदम बसपुढे कशी आली? ती म्हणाली, पुढे उभ्या गाडीला वळसा घालायला. कुठली गाडी, ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. म्हणाली, तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून बोलले नाही.

पोरी, तिचा नंबर वाढलाच नव्हता. बसची धास्ती मी घेतली होती, आणि ती तिच्या डोळ्यांवर ढकलली. मला फार लाज वाटते.

गाडी आता घरीच असते. आज सकाळी मी जिन्याखालची सायकल काढून पुसली. हवा भरता येत नाही मला, रविवारी येऊन भरून दे. तुझ्या काकूला तिचा जुना चष्मा परत दिलाय.

या म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

तुझा,
काका