रुख्मिणीला चारशे जणांनी पाहिलं

बेला, जि. आदिलाबाद
तान्ह्या पोळ्याचा दिवस, १९९९

तीर्थरूप दाजी आणि आक्का यांना धाकट्या महिपतचा साष्टांग नमस्कार. इकडं माझा जीव सोडून बाकी सगळं खुशाल आहे. आक्काच्या गुडघ्याला आराम पडला का? तुमच्या खोकल्याचं विचारत नाही, उत्तर वाईट आलं तर मला आठ दिवस झोप लागायची नाही. (ही म्हणते, खुशाली विचारायला भिणारा माणूस जन्मात पाहिला नाही.)

तुमचे चिरंजीव माणिकराव संक्रांतीला आले आणि आमच्या रुख्मिणीचं स्थळ इंटरनेटवर चढवून देतो म्हणाले. तिचा फोटो घेतला, माहितीचा कागद माझ्याच हातानं लिहून घेतला आणि हैदराबादला जाऊन तो जसाच्या तसा त्या पानावर लावला. (गुणांच्या जागी काय लिहू ते कळेना, भाचेबुवा डोक्यावर उभे, मग सुचेल ते खरडलं.) "मामा, आता सारं जग पाह्यते," असं ते म्हणाले तेव्हाच कागद परत मागावा असं वाटलं होतं. त्या पानाच्या तळाशी मोटारसायकलच्या मीटरसारखा आकडा आहे, पान किती जणांनी पाहिलं ते म्हणे त्यावरून कळतं. दर सोमवारी फवारणीच्या औषधाचं निमित्त काढून मी आदिलाबादला जातो आणि स्टँडजवळच्या फकिराच्या कंप्युटरच्या दुकानात तो आकडा पाहून येतो. आषाढात तो चारशेच्या पार गेला. माणिकराव कळवतात, मामा, पान जोरात चाललंय. कसलं चाललंय, दाजी! आपल्यात पाच घरं पोरगी पाहून गेली आणि कुणी होकार दिला नाही, तर सहावं घर विचारतं, पोरीत काही खोट आहे का? इथं तर चारशे जण पाहून गेले आणि एकाचाही निरोप नाही. पोहेसुद्धा न खाता नाकारली हो आमच्या पोरीला!

बरं, हे चारशे कोण? बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडाकडं पाहत मी हिंडतो. परवा बसमध्ये कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "पोरगी बरी हाय ना?" याला कसं माहीत? मी पुढच्याच फाट्यावर उतरलो आणि उन्हातून चालत घरी आलो. (ती त्याच्याच बसनं रोज आदिलाबादला कॉलेजात जाते, हे घरी पोचल्यावर आठवलं.) न्हाव्यानं आरशातून जरा जास्त वेळ पाहिलं, तर अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो.

शेवटी धीर करून फकिरालाच विचारलं. तो म्हणाला, "काका, हे माणसं नाई मोजत. पान उघडलं का आकडा वाढते. एकच जण धा खेपा आला तरी धा. तुमी बी त्याच्यातच हाय." म्हणजे ज्या आकड्याला मी भीत होतो, तो दर सोमवारी मीच वाढवत होतो! पाहणाऱ्याला पोरगी आवडली, की त्यानं नाक मुरडलं, की चुकून आला आणि परत गेला, यातलं त्या यंत्राला काही म्हणता काही कळत नाही. मला इतकं हलकं वाटलं की जवळजवळ अख्खा श्रावण तिकडं फिरकलो नाही. या सोमवारी गेलो, तर आकडा पुन्हा बराच वर! म्हणजे कुणीतरी आहे, दाजी. पुन्हा पुन्हा येतं, पाहतं आणि बोलत नाही. ही म्हणते, "काऊन भेता इतके? पाह्यल्यानं पोरगी झिजते का?" तिला काय सांगावं! हात जोडून विनंती की माणिकरावांना सांगून ते पान आजच्या आज काढून टाकावं.

आपला आज्ञाधारक,
महिपत

ता.क. पत्र तपासायला रुख्मिणीकडं दिलं होतं. वाचून खाली मान घालून म्हणाली, "बाबा, थे मीच." कॉलेज सुटलं की फकिराकडं जाऊन पान उघडते म्हणे. (बाबांना सांगू नको, असं फकिराला तिनंच बजावलं होतं.) मी म्हटलं, स्वतःचाच फोटो काय पाहायचा? म्हणाली, "फोटो नाई पाहत. तुमी लिवलेलं वाचतो." गुणांच्या जागी मी लिहून बसलो होतो, 'ही घरात असली की मला कशाची भीती वाटत नाही.' तोंडानं असं तिला कधी बोललो नव्हतो. मला रडू आलं, दाजी.

पुन्हा ता.क. वरची विनंती रद्द समजावी. लग्न जमलं तरी पान काढू नये. आणि ती सासरी गेल्यावर आकडा भराभरा वाढायला लागला, तर पान जोरात चाललंय असं माणिकरावांनी कळवू नये. तो मी असेन.